त्या वेण्या सोडू नका

"ताई, मी मूळची कोथरूडची, गेली पंधरा वर्षं न्यू जर्सीत, एडिसनला. नवरा आफ्रिकन-अमेरिकन. लग्नाला आधी घरून विरोध होता, आता सगळं सुरळीत आहे. मुलगी अकरा वर्षांची, हुशार आहे, गाणं शिकते. नाकडोळे आमच्याकडचे, फक्त केस तिकडचे आले. रोज सकाळी विंचरताना रडारड, शाळेला उशीर. डिसेंबरात माझ्या भावाचं पुण्यात लग्न आहे. आई प्रत्येक व्हिडिओ कॉलवर म्हणते, 'तिच्या केसांचं काहीतरी करून आण गं.' मला वाटतं, एकदाच केस सरळ करायचं रिलॅक्सर नाहीतर केराटिन करून घ्यावं. मुलगीही आता हो म्हणतेय. नवरा मात्र ऐकत नाही, आहेत तसेच छान आहेत म्हणतो. माझी नणंद नेवार्कला असते, ती महिन्यातून एका रविवारी हिच्या वेण्या घालून देते, त्याला पाच-पाच तास लागतात, पण शाळेत फार उठून दिसतात म्हणून मी त्या रात्रीच सोडते. नवऱ्याला कसं पटवू?"

नवऱ्याचं नंतर बघू. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच ठिकाणी अडखळले. "म्हणून मी त्या रात्रीच सोडते." किती सहज लिहून गेलात!

एक बाई आपला सुट्टीचा दिवस मोडून भाचीला गुडघ्यांत घेऊन बसते. भांग पाडते, एकेक बट ओली करते, मलम लावते, गुंफते. पाच तास. आणि त्याच रात्री घरी आल्यावर तुम्ही ते सगळं उसवता. सोडायलाही तास-दीड तास लागत असेल. तेवढा वेळ मुलगी काय करते, ते पत्रात नाही. गप्प बसत असेल. अकरा वर्षांच्या पोरीला बरोबर कळतं की आत्याने घातलेलं आईला चालत नाही. मग आरशात दिसणारं ते आत्यासारखं डोकं तरी कसं चालेल? "मुलगीही आता हो म्हणतेय" हे तुम्ही परवानगी मिळाल्यासारखं लिहिलंय. मला ते वाचून वाईट वाटलं.

बारसं केलं असेलच तुम्ही, कोथरूडकर ते चुकवत नाहीत. कानात कुर्रर्र कुणी केलं? तो मान आत्याचा. नाव ठेवायला आत्या चालली, मग डोक्याला हात लावायला का चालू नये?

आणि गंमत अशी, की ज्या रडारडीने तुम्ही वैतागलात तिचं औषध या वेण्याच आहेत. नीट घातलेल्या वेण्या तीन-चार आठवडे टिकतात. तेवढे दिवस सकाळी विंचरायचंच नसतं. तुम्ही रविवारी रात्री औषध ओतून देता आणि सोमवारी सकाळी दुखणं घेऊन बसता.

आपल्या घरांत केस विंचरायची एकच रीत: सकाळची घाई, कोरडे केस, कंगवा मुळापासून सरसरत खाली. सरळ केसांत ती खपून जाते. डोक्याच्या कातडीतून सुटणारं तेल सरळ केसावरून ओघळत टोकापर्यंत पोचतं. स्प्रिंगसारख्या वळणांच्या केसात ते वरच अडतं, टोकं कोरडी राहतात आणि कोरड्या केसात कंगवा ओढला की वळणावळणावर केस तुटतो. तो वाढत नाही असं तुम्हाला वाटत असेल. वाढतो, पण वाळला की आखडून निम्म्याहून आखूड दिसतो, आणि जे खरोखर वाढतं ते तुम्ही कंगव्याने तोडता. वेण्या नसतील तेव्हा आठ-दहा दिवसांनी एकदा डोकं धुवायचं. ओल्या केसांना भरपूर कंडिशनर लावायचं, सहा भाग करायचे, आधी बोटांनी गुंता काढायचा, मग मोठ्या दातांचा कंगवा टोकाकडून सुरू करून हळूहळू वर न्यायचा. केस ओलसर असतानाच न धुवायचं कंडिशनर आणि त्यावर हलका तेलाचा हात. खोबरेल चालेल, पण आजीसारखं चापून नाही. रात्री सॅटिनची टोपी, कारण सुती उशी केसांतला ओलावा पिते. वेण्या कपाळाशी ताणून बसल्या आणि दुखल्या तर लगेच सांगायचं, ताणाने तिथले केस कायमचे जाऊ शकतात. हे सगळं तुमच्या नणंदेला पाठ असणार. तुम्ही कधी विचारलंय?

रिलॅक्सरबद्दल फार लिहीत नाही. "एकदाच" असं त्यात काही नसतं. मुळाशी नवे केस कुरळेच येतात, दीड-दोन महिन्यांनी पुन्हा लावावं लागतं आणि जुन्या-नव्याच्या सांध्यावर केस तुटतात. जुन्या पद्धतीच्या रिलॅक्सरमध्ये साबणाचा कॉस्टिक सोडा असतो. 'नो लाय', म्हणजे कॉस्टिक सोडा नाही, असं लिहिलेल्या डब्यातही तीव्र अल्कलीच. केराटिनच्या कितीतरी द्रावणांतून तापवल्यावर फॉर्माल्डिहाइड हा विषारी वायू सुटतो. 2022 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा 33,497 स्त्रियांवरचा अभ्यास आला. केस सरळ करणारी रसायनं वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण 4.05 टक्के निघालं, कधीच न वापरणाऱ्यांत 1.64. रसायनामुळेच होतो हे त्यातून सिद्ध होत नाही. पण अकरा वर्षांच्या पोरीला या वाटेवर आईने हात धरून नेऊ नये.

शाळेत उठून दिसतात म्हणता. दिसू देत. तुमच्याच न्यू जर्सीत डिसेंबर 2018 मध्ये एका शालेय कुस्तीच्या सामन्यात पंचाने कृष्णवर्णीय मुलापुढे दोनच पर्याय ठेवले, जटा काप नाहीतर सामना सोड. सगळ्यांदेखत त्याचे केस कापले. बरोबर वर्षाने, डिसेंबर 2019 मध्ये, वेण्या, जटा, पीळ अशा केशरचनांवरून शाळेत किंवा नोकरीत भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा तुमच्या राज्यात झाला. राज्याने शाळेला जे करायला मनाई केली, ते तुम्ही घरात करताय.

तुमच्या आईंना एक सांगा. आपल्या बायका तिरुपतीला केस वाहतात, देवस्थान त्यांचा लिलाव करतं आणि त्यांचे विग आणि जोडकेस होऊन अमेरिकेत कृष्णवर्णीय बायकांना विकले जातात. 'नीट' केस म्हणजे सरळ केस हे त्या बायकांच्या डोक्यात आपल्याआधीच कितीतरी पिढ्या भरलं गेलंय. त्यातून बाहेर पडायला त्यांना किती त्रास झालाय ते नणंदेच्या तोंडून ऐका. आणि 'लग्नात काय दिसेल' म्हणाल तर बारीक वेण्यांच्या अंबाड्यावर अबोलीचा गजरा सुरेख बसतो. आईंशी एवढंच बोला, जास्त वाद घालू नका.

तुमच्या नवऱ्याचंही मला कौतुक नाही. "आहेत तसेच छान आहेत" म्हणायला काय लागतं? त्यांनी अकरा वर्षांत एकदा तरी हातात कंगवा घेतला का? शब्द त्यांचे, रविवार बहिणीचा आणि रोजची सकाळ तुमची. त्यांनाही सोबत न्या.

हो, न्या. या रविवारी तुम्ही स्वतः नेवार्कला जा. मुलीला सोडून मॉलमध्ये जायचं नाही. नणंदेशेजारी बसायचं, बटा धरून द्यायच्या आणि शेवटच्या दोन वेण्या, मानेवरच्या, स्वतः घालायच्या. वाकड्या येतील, येऊ देत. सोमवारी मुलगी त्याच डोक्याने शाळेत जाईल. रिलॅक्सरचा विषय महिनाभर काढायचा नाही.

पाच तास वाकून कंबर मोडते, तेव्हा वन्संसाठी डबा घेऊन जा. आणि वेण्या तुम्ही सोडत होतात हे स्वतःच्या तोंडाने सांगा. त्यांना ते ठाऊक आहेच. दर महिन्याला मोकळं, गुंता झालेलं डोकं त्यांच्यासमोर येतं, तरी त्या पुन्हा पहिल्यापासून घालायला बसतात.