कालपर्यंत सोबत डबा खाल्ला, आज काम कसं सांगू?

बढती मिळाल्यानंतर दोन-तीन महिन्यांत माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या माणसांच्या तोंडी हा प्रश्न मी वर्षानुवर्षे ऐकत आले आहे. विचारणारी कधी रुग्णालयातील नवी इन्चार्ज सिस्टर असते, कधी बँकेतील अधिकारी, कधी संगणक कंपनीतील टीम लीड. पण सर्वांची धास्ती एकच असते, की अधिकार वापरला तर माणसे तुटतील.

सुहास (नाव आणि काही तपशील बदलले आहेत) चाकणजवळच्या, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ऑपरेटरचा सुपरवायझर झाला होता. त्याच्या लाइनवर एक ज्येष्ठ ऑपरेटर होते, ज्यांना सगळे मामा म्हणत आणि ज्यांनी सुहासला मशीनवर हात बसवायला शिकवले होते. जेवणाच्या सुट्टीनंतर मामा पंधरा-वीस मिनिटे उशिरा येत आणि तोवर सुहास स्वतः त्यांच्या मशीनवर उभा राहून काम ओढून नेई. एके दिवशी वरिष्ठांनी उत्पादन कमी का, असे विचारले, तेव्हा सारा राग मामांवर, तोही सगळ्यांसमोर निघाला. त्यानंतर दोघांचे बोलणेच थांबले.

पहिल्या दोन भेटींत कसे बोलावे याचा सराव आम्ही केला. सुहास मान डोलावून जाई आणि काहीही न बोलता परत येई. तिसऱ्या भेटीत मी विचारले, "मामांना तुम्ही वेळेबद्दल आजवर किती वेळा सांगितलंत?"

"कितीतरी वेळा, मॅडम. हे बघा." त्याने मोबाइल पुढे केला. शिफ्टच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हात जोडलेल्या चिन्हासह मजकूर होता : सर्वांनी जेवणाच्या सुट्टीनंतर वेळेवर यावे, ही नम्र विनंती.

"हा कोणासाठी आहे?"

"मामांसाठीच."

"मग यात मामा कुठे आहेत?"

तो बराच वेळ स्क्रीनकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "नाव घेतलं असतं तर त्यांना वाईट वाटलं असतं."

"आणि वाटलं असतं तर?"

"तर मी उपकार विसरलेला माणूस ठरलो असतो."

हे वाक्य ऐकले आणि मला माझीही चूक दिसली. मी त्याला शब्द शिकवत बसले होते. त्याला शब्दांची वाण नव्हतीच. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेला आणि महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवलेला विवेकनिष्ठ विचार हा माझ्या कामाचा पाया आहे. प्रसंगापेक्षा त्याविषयी मनात धरलेला हट्ट माणसाला अधिक छळतो, असे तो सांगतो. मामांनी आपल्याला चांगले म्हणावे, ही सुहासची इच्छा रास्त होती. त्यांनी तसे म्हटलेच पाहिजे, नाहीतर आपण नालायक, हा हट्ट त्याचे तोंड बांधत होता, आणि बांधलेले तोंड शेवटी रागानेच उघडत होते. ती गाठ त्याच्याच तोंडून सुटली, याचे समाधान मला आजही आहे.

पुढच्या आठवड्यात शिफ्ट सुरू होण्यापूर्वी तो मामांना एकटे गाठून बोलला. आधी सगळ्यांसमोर ओरडल्याबद्दल त्याने माफी मागितली आणि मग, मध्ये "पण" न घालता, एवढेच सांगितले : "मामा, मागच्या आठवड्यात तीन दिवस तुम्ही उशिरा आलात. तेवढा वेळ पुढचं स्टेशन थांबतं. काय अडचण आहे?" अडचण गुडघ्यांची होती. कँटीन वरच्या मजल्यावर, जिना चढउतार करण्यातच वेळ जाई, आणि वयाने लहान असलेल्या साहेबाला हे सांगायची मामांना लाज वाटे. आता मामा दहा मिनिटे आधी जेवायला जातात आणि शेजारचा ऑपरेटर तेवढा वेळ मशीन सांभाळतो.

असा प्रसंग तुमच्यावर आला असेल, तर ज्याचे काम त्यालाच, एकांतात, दिवस आणि वेळ नेमकी धरून सांगा. "तुम्ही नेहमीच असं करता" हे वाक्य टाळा, कारण "नेहमी" या शब्दावरच भांडण सुरू होते. प्रश्न विचारलात तर उत्तर येईपर्यंत थांबा. मात्र सगळेच दोघांत बसून मिटवायचे नसते. लैंगिक छळाची तक्रार असेल तर समजुतीच्या गप्पा करू नका. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे, तक्रार तिच्याकडेच गेली पाहिजे.

शेवटच्या भेटीत सुहास म्हणाला, "मामा अजून मला अरे म्हणत नाहीत, साहेब म्हणतात. डबाही वेगळा खातात."

"कसं वाटतं?"

"वाईट वाटतं," तो म्हणाला, आणि घड्याळ पाहून दुसऱ्या शिफ्टसाठी उठला.