‘खुळी’ शब्द का खोडला

प्रिय,

अनेक आशीर्वाद. गर्भ कसा घडतो यावरचं तुझं टिपण दोनदा वाचलं. कष्ट दिसतात. पण ‘अंड्यात जीव आधीपासूनच घडलेला असतो, ही सतराव्या शतकातली खुळी समजूत’ या वाक्यातला ‘खुळी’ शब्द मी खोडला आहे.

फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तनंतरच्या माणसाच्या जागी बसून बघ. द्रव्य म्हणजे ढकललं की हलणारं, हेतू नसलेलं काहीतरी. मग त्यातून डोळा, काळीज, पंख नेमक्या जागी येतात कसे? १६७४ मध्ये मालब्रांश या फ्रेंच तत्त्वज्ञाने सांगितलं, की ते नव्याने घडतच नाहीत. ईश्वराने आरंभीच सगळे जीव एकात एक घडवून ठेवले, पुढे ते फक्त वाढतात. द्रव्य कितीही बारीक विभागता येतं, असं एकदा मानलं की यात अशक्य काही उरत नाही. १६७७ मध्ये सूक्ष्मदर्शकातून बघणाऱ्या डच लेवेनहुकला वीर्यात वळवळणारे जंतू (आजचे शुक्रजंतू) दिसले, तेव्हा तयार जीव अंड्यात की जंतूत, असा नवा वाद पेटला.

तू स्पालान्झानीला दोन ओळींत उरकलंस, याचं मला खरंच वाईट वाटलं. हा अठराव्या शतकातला इटलीतला धर्मगुरू, पाव्हियाचा प्राध्यापक. त्याने बेडकांच्या नरांना तेल लावलेल्या रेशमी कापडाच्या चड्ड्या शिवून घातल्या. नरांनी माद्यांना नेहमीसारखी मिठी मारली, अंडी पडली, पण एकही वाढलं नाही. मग चड्डीत साठलेले थेंब त्याने दुसऱ्या अंड्यांना लावले, तर त्यांतून बेडूकमासे निघाले. (पहिल्या पावसात डबक्याकाठी तासभर बस. ती मिठी पाहिलीस, की त्याने बेडूकच का निवडले ते कळेल: फलन शरीराबाहेर, डोळ्यांदेखत होतं.)

पुढे त्याने वीर्य कागदातून गाळलं. खाली आलेलं पाणी निकामी ठरलं. कागदावर राहिलेला गाळ पाण्यात कालवला, तर अंडी फलित झाली. उत्तर त्या कागदावरच होतं! तरीही जंतूंचा यात काही भाग नाही, असंच तो म्हणत राहिला. बेडूक अंड्यातच घडलेला असतो ही त्याची खात्री होती, आणि जंतू नसलेल्या वीर्यानेही फलन होताना आपण पाहिलं, असं त्याला वाटत होतं. १८२४ मध्ये प्रेव्हो आणि द्यूमा या संशोधकांनी तसाच गाळण्याचा प्रयोग केला आणि फलनाचं श्रेय जंतूंना दिलं.

म्हणून वहीचं पान मधोमध दुमड. डावीकडे त्याला काय दिसलं ते लिही, उजवीकडे त्याने काय मानलं ते. इंग्रज वैद्य हार्वीचंही असंच कर. राजाच्या हरिणी समागमानंतर चिरूनही त्याला गर्भाशयात कितीतरी दिवस काही सापडलं नव्हतं, तरी १६५१ च्या त्याच्या ग्रंथाच्या मुखचित्रावर ‘सारं अंड्यातून’ असं कोरलेलं आहे. त्याला हे ‘निरीक्षणातून’ कळलं, एवढंच म्हणून तू मोकळी झालीस. तो परिच्छेद पुन्हा लिही.

गाळण्याच्या प्रयोगाचा उतारा मराठीत करून रविवारी घेऊन ये. शब्द अडले तर तसेच कोरे ठेव, आपण मिळून बसू.

तुझा,
सर