स्कूबा करताना माझी हवा सगळ्यांच्या आधी का संपते? फिन्स नीट मारायला कसं शिकायचं?

तुम्ही लिहिलंय की अंदमानातल्या हॅवलॉक बेटावर कोर्स झाला, त्यानंतर चार डाईव्ह झाले आणि चारही वेळा अर्ध्या तासात सिलिंडरमधल्या हवेचा दाब दाखवणारा तुमचा काटा ५० बारवर, म्हणजे वर यायच्या वेळेवर. बाकीच्यांची हवा अजून पंधरा-वीस मिनिटं पुरली असती, पण तुमच्यामुळे सगळ्यांना वर यावं लागलं. इन्स्ट्रक्टर म्हणाला ‘पाय चुकतायत’, पण नेमकं काय चुकतंय ते राहूनच गेलं. पोटरीत गोळे येतात. आणि महागाच्या फिन्स (पायांत घालायची पाती) घेतल्या तर फरक पडेल का, असंही विचारलंय.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. नाही पडणार, निदान आत्ता तरी नाही. ते पैसे ठेवा, त्यात अजून दोन-तीन डाईव्ह होतील आणि त्यांचा उपयोग जास्त होईल.

मी इन्स्ट्रक्टर नाही. पुण्यात नोकरी करतो आणि वर्षातून दोन-तीनदा कुठेतरी पाण्यात जातो, इतकाच माझा अधिकार. पण तुमचं जे झालंय ते माझं जसंच्या तसं झालं होतं. मी विहिरीत पोहायला शिकलेला माणूस. पाठीला डबा बांधून काकांनी ढकलून दिलं होतं. त्यामुळे पाणी म्हणजे आपलंच, असा एक माज होता. कोर्सनंतर मालवणला डाईव्ह केला आणि वर आल्यावर होडीवरच्या तांडेलाने विचारलं, “काय ओ, पाण्यात सायकल चलवतास?” तो काही खाली आला नव्हता. नुसते माझे बुडबुडे कसे येतायत ते बघून त्याला कळलं होतं. संध्याकाळी कोणीतरी काढलेला व्हिडिओ बघितला. मी जिना चढणाऱ्या माणसासारखा तिरका, गुडघे आळीपाळीने पोटाशी येतायत, दोन्ही हात पाणी ढवळतायत आणि मागे गाळाचा असा लोट, की माझा बडी, म्हणजे सोबतचा जोडीदार, त्यात दिसतच नाहीये.

आधी हवेचा हिशेब बघू, कारण तुमची अडचण आकड्यांत लगेच दिसते. आपल्याकडे भाड्याने मिळतो तो नेहमीचा ॲल्युमिनियमचा सिलिंडर साधारण ११ लिटरचा. २०० बारपासून ५० बारपर्यंत वापरायचा म्हटलं तर हाताशी साडेसोळाशे लिटर हवा आली. १२ मीटरवर दाब पृष्ठभागाच्या २.२ पट, म्हणजे प्रत्येक श्वासाला तितक्या पट हवा जाते. निवांत माणूस वर मिनिटाला १५ लिटर घेत असेल, तर खाली ३३ लिटर घेईल आणि त्याचा डाईव्ह ५० मिनिटं चालेल. धापा टाकणारा २५ घेत असेल तर खाली ५५, आणि अर्ध्या तासात खेळ खलास. तुमचा अर्धा तास तो हाच. तुमच्या फुप्फुसांत काही दोष नाही, मांड्या फुकट राबतायत एवढंच.

आणि पाण्यात राबण्याची किंमत फार मोठी असते. पाण्याची घनता हवेच्या सुमारे ८०० पट. वेग दुप्पट केला तर अडथळा चौपट होतो आणि त्यासाठी लागणारी ताकद आठपट. थोडं ‘भरभर’ जायचं म्हटलं की बिल असं येतं. उलट बाजूने बघितलं तर, थोडंसं हळू जाणाऱ्याला प्रचंड सूट मिळते. मात्र हवा वाचवायची म्हणून श्वास रोखून ठेवायचा नाही. तो वेगळा आणि धोकादायक प्रकार आहे. डोकं दुखू शकतं, आणि वर येताना श्वास रोखला तर फुप्फुसाला इजा होऊ शकते. श्वास लांब आणि सलग ठेवा. कष्ट कमी झाले की हवा आपोआप वाचते.

आता खरी गोम. तुमचे पाय चुकतायत हे बरोबर, पण पायांपासून सुरुवात केली तर जमणार नाही. आधी पाण्यात आडवं राहता आलं पाहिजे. पाय खाली लोंबत असले की प्रत्येक फटका तुम्हाला पुढे नेतो तसा वरही ढकलतो. ते वर जाणं थोपवायला तुम्ही कमरेला जास्त वजन बांधता, किंवा बीसीडीतली (हवा भरून तरंगायचं जाकीट असतं त्यातली) हवा सोडून देता. मग फटका थांबला की खाली जायला लागता. म्हणून थांबताच येत नाही. डाईव्हभर चाललेल्या या रस्सीखेचीत पायांचे अर्धे कष्ट पुढे जाण्यासाठी नसतातच मुळी, बुडू नये म्हणून असतात. माझ्याकडे ३ मिलिमीटर जाडीच्या वेटसूटवर ७ किलो वजन होतं. ‘पहिल्यांदा आलाय, बुडायला त्रास नको’ म्हणून बरेच जण असं जास्तीचं बांधून देतात. त्यांचंही चुकत नाही, त्यांना सहा जणांना एकदम खाली न्यायचं असतं.

वजन तपासायची रीत सोपी आहे. डाईव्ह संपवून वर आल्यावर, सिलिंडरमध्ये ५० बारच्या आसपास हवा असताना, बीसीडी पूर्ण रिकामं करायचं, रेग्युलेटर (श्वास घ्यायची तोंडातली नळी) तोंडातच ठेवायचा, पाय अजिबात हलवायचे नाहीत. साधा श्वास घेऊन धरलात तर पाणी डोळ्यांच्या रेषेत यावं आणि सोडलात की हळूहळू खाली जावं. त्याआधीच धोंड्यासारखे गेलात तर वजन जास्त आहे. भरलेल्या सिलिंडरवर तपासलं तर दोनेक किलो जास्त धरायचे, कारण सिलिंडरमधल्या हवेलाही वजन असतं आणि ती संपत जाते. हे सगळं गाईड शेजारी असताना करा आणि एका वेळी एकच किलो काढा. मी तीन किलो काढले, तीन डाईव्हमध्ये.

मग उरलेलं वजन कुठे आहे ते बघा. आपल्यासारख्या किडकिडीत माणसांचे पाय जड असतात, आणि सगळं वजन कमरेच्या पट्ट्यात. मग पाय बुडणारच. एक-दोन किलो सिलिंडरच्या पट्ट्यावर वर सरकवले किंवा सिलिंडरच बीसीडीत तीन-चार इंच उंच बांधला, तरी फरक पडतो. खात्री कशी करायची? वाळू असलेली जागा बघून तळापासून दोन मीटर वर हात समोर गुंफून दहापर्यंत मोजा. काहीही हलवायचं नाही. पहिल्यांदा दहापर्यंत मोजून होण्याआधीच मी उभा झालो होतो, सर्कशीतल्या बाहुल्यासारखा. काय खाली जातंय ते कळलं की वजन कुठे न्यायचं तेही कळतं. मान वर, नजर समोर, पाठीला किंचित बाक आणि नितंब आवळलेले. ढिलं सोडलं की गुडघे खाली जातात आणि सायकल सुरू.

एवढं झाल्यावर बेडूक-किक. फ्रॉग किक म्हणतात ती हीच, आणि तुम्हाला शिकायची आहे तीही हीच. कोर्समध्ये बहुतेक ठिकाणी फ्लटर शिकवतात, म्हणजे वरखाली कात्रीसारखे पाय. फ्लटर वाईट नाही, पण ती सतत चालू ठेवावी लागते आणि पाणी खाली फेकते. बेडूक-किकमध्ये एक फटका मारायचा आणि गप्प बसायचं. होडी वल्हवणारा माणूस बघा. वल्हं ओढतो, उचलतो आणि होडीला जाऊ देतो. होडी चालत असताना पुन्हा वल्हं मारत नाही. आपण नवशिके तिथेच घाई करतो.

ही किक मी घरी फरशीवर शिकलो, तुम्हीही आज रात्री करू शकता. पालथे पडा. मांड्या जमिनीला टेकलेल्या, गुडघे काटकोनात वाकवलेले, तळवे छताकडे, बोटं मागच्या भिंतीकडे. आता गुडघे खांद्यांइतके उघडा आणि पावलं बाहेरच्या बाजूंना वळवा, चार्ली चॅप्लिन चालायचा तशी. मग तळव्यांनी पाणी मागे लोटायचं, अर्धगोल काढत, आणि शेवटी दोन्ही तळवे एकमेकांकडे आणायचे, पायांनी टाळी वाजवल्यासारखे. टाळी झाली की पाय सरळ, बोटं ताणलेली आणि थांबायचं. दोन-तीन सेकंद. वेग मरायला लागला की गुडघे हळूच वाकवून पाय पुन्हा जागेवर. हे परत आणणं जितकं सावकाश तितकं चांगलं, नाहीतर जेवढं पुढे गेलात तेवढंच स्वतःला मागे ओढाल.

मी हॉलमध्ये हे करत असताना बायकोने एकदा बघितलं आणि काही न बोलता आत निघून गेली. मुलगी मात्र शेजारी बसली आणि म्हणाली, “बाबा, डावा पाय वळतच नाहीये.” खरंच वळत नव्हता. कॉलेजात मुरगळलेला घोटा, तो तेव्हापासून आखडलेला. पाण्यात मी कायम एकाच बाजूला का जात होतो आणि एक पाय बेडकाचा, एक कात्रीचा का होत होता, याचा उलगडा तिथे झाला. मग महिनाभर रोज घोटे फिरवले. तुम्हीही कोणाला तरी बघायला सांगा, पाण्यात स्वतःचे पाय दिसत नाहीत.

विहिरीत किंवा टाकीत छातीवर पोहणाऱ्यांसाठी एक खास सूचना. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये आपण गुडघे पोटाकडे ओढतो. इथे ते विसरा. मांडी पोटाशी आली की ती पाण्यात भिंतीसारखी आडवी येते. मांड्या धडाच्या रेषेतच राहायला हव्यात. काम गुडघ्याखाली आणि घोट्यात. आणि हात! हात पोटाशी बांधून ठेवा. हाताने पाणी मारून पुढे जाणं म्हणजे गाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढून वल्हवणं.

फ्लटर सोडून देऊ नका. समोरून प्रवाह असेल, किंवा पृष्ठभागावर उताणं पडून होडीकडे परत जायचं असेल, तेव्हा तीच कामाची. फक्त ती कमरेतून मारायची, गुडघा जेमतेम वाकलेला, घोटा सैल पण ताणलेला, फटके लहान. गोळे येण्याची बरीचशी कारणं त्या गुडघ्यात आणि ताठरलेल्या घोट्यात असतात. (आलाच गोळा तर फिनचं टोक धरून स्वतःकडे ओढा आणि पाय सरळ करा, पोटरी ताणली की सुटतो. होडीवर चढण्याआधी पाणीही प्या, कोणी पीत नाही.) तळाजवळ गाळ असेल तर गुडघे वाकवूनच पंजांनी छोट्या छोट्या फ्लटर मारतात, त्याने खालचं पाणी ढवळत नाही.

जागेवर वळणं आणि मागे जाणं या दोन गोष्टी पुढच्या वर्गातल्या. वळताना एकाच पायाचा घोटा फिरवत पाणी बाजूला सारायचं, शरीर होकायंत्राच्या काट्यासारखं फिरतं. मागची किक म्हणजे बेडूक-किक उलटी: पाय सरळ आणि जुळलेले, मग पंजे नडगीकडे खेचून बाहेर वळवायचे आणि फिनच्या वरच्या बाजूने पाणी स्वतःकडे ओढून घ्यायचं. मला ती यायला पंधराएक डाईव्ह लागले आणि अजूनही दर चार वेळांतून एकदा मी मागे जायच्या ऐवजी वर जातो. पण ती आली की प्रवाळासमोर थांबून बघता येतं आणि निघताना फिन आपटत नाही. गोलाकार, मेंदूसारखी दिसणारी प्रवाळं वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. तुमच्या-माझ्या एका सायकल-किकमध्ये दहा-वीस वर्षांचं काम तुटतं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, जिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथेही खडकावर फिन्स आपटणारे लोक मी बघितलेत आणि त्यांच्यात मीही होतो.

फिन्सचं म्हणाल तर भाड्याच्या बहुतेक फिन्सवर बेडूक-किक जमते. लांब आणि फार लवचिक पात्याच्या असतील तर मागची किक जड जाते. मधे चिरलेल्या पात्याच्या, स्प्लिट फिन्स म्हणतात त्या, फ्लटरला पायांना हलक्या वाटतात, पण बेडूक-किक आणि मागची किक यांच्याशी त्यांचं फारसं जमत नाही. जाड रबराच्या आखूड, रुंद फिन्स जुने डायव्हर घालताना दिसतील. त्या छान आहेत, पण जड आहेत. तुमचे पाय आधीच बुडत असतील तर त्या आणखी बुडवतील. म्हणून आधी आडवं राहणं जमू द्या, मग दोन-तीन प्रकार भाड्याने घालून बघा, मग खिसा उघडा. घेताना एवढं बघा की टाच आत हलत नाही आणि बोटं दबत नाहीत.

सराव कुठे करायचा? पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर डाईव्हिंग बंद असतं, तो काळ स्विमिंग पूलचा. नुसत्या फिन्स, मास्क आणि स्नॉर्केल घेऊन जा. पूलवाल्यांना आधी विचारा, काही ठिकाणी फिन्स चालत नाहीत. खेळ एकच: २५ मीटर किती कमी किकमध्ये होतात ते मोजायचं. वेळ मोजायची नाही. माझे पहिल्या दिवशी २३ झाले होते, चार आठवड्यांनी ११. मधे एक आठवडा आकडा पुन्हा वाढला होता, कारण मी नकळत घाई करायला लागलो होतो.

पुढच्या वेळी हॅवलॉक किंवा नील बेटावर जाल तेव्हा बुकिंग करतानाच सांगा की पहिला डाईव्ह उथळ, वाळूच्या जागी हवाय, वजन तपासायचंय आणि पाच मिनिटं मागून व्हिडिओ काढून हवाय. मागून, म्हणजे पाय दिसतील असा. समोरून काढलेल्यात सगळेच चांगले दिसतात.