वीनर लेमातून १/एफच्या नॉर्मचं बाउंड फुकट मिळत नाही

वीनर लेमा वापरताना १/एफच्या नॉर्मचं बाउंड गाइडच्या भरवशावर धरल्याची तुमची पोस्ट वाचली आणि माझं पीएचडीचं तिसरं वर्ष आठवलं. एफची फूरिये सिरीज अ‍ॅब्सोल्यूटली कन्व्हर्जंट (म्हणजे कोएफिशियंटच्या आकारांची बेरीज सांत; ती बेरीज हाच एफचा नॉर्म), |एफ| सगळीकडे सी या धन आकड्यापेक्षा मोठा, म्हणून १/एफ पण त्याच अल्जिब्रात, म्हणजे अशाच फंक्शनांच्या संचात (हाच वीनर लेमा), इथपर्यंत बरोबरच आहे. पण त्याच्या नॉर्मचं बाउंड, म्हणजे वरची मर्यादा, "सीवरून निघेलच" असं गाइड म्हणतात म्हणून पुढे जाऊ नका, कळकळीने सांगतोय.

मी नेमकं हेच केलं. "हे स्टँडर्ड असणार" असं धरून एक ओळ लिहिली आणि अख्खं चॅप्टर तिच्यावर उभं केलं. सात महिन्यांनी सेमिनारमध्ये एका ज्युनिअर मुलीने विचारलं, सर हा कॉन्स्टंट कशाकशावर अवलंबून आहे? मला उत्तर देता आलं नाही. या लेमाचं गेलफांडचं प्रूफ आठवून बघा, १/एफ नसेल तर एफ एखाद्या मॅक्सिमल आयडियलमध्ये (अल्जिब्रातल्या कशानेही गुणलं तरी आतच राहणारी, शक्य तितकी मोठी पण अपुरी सबस्पेस), तो आयडियल म्हणजे वर्तुळावरचा एक बिंदू, तिथे एफ शून्य, झालं. देखणं आहे, पण त्यात आकडा येतोच कुठे?

आणि हा नुसता प्रूफचा दोष नाही. निकोल्स्कीचा १९९९ चा पेपर बघा: एफचा नॉर्म १ च्या आत ठेवला तर सी १/√२ पेक्षा मोठा असताना १/(२सी²−१) हे बाउंड चालतं, पण सी १/२ किंवा त्याहून कमी झाला की सगळ्या एफना पुरेल असा कॉन्स्टंटच नाही!

तुमचं फंक्शन मी पाहिलेलं नाही, तेव्हा हे माझं मत समजा, पण डेरिव्हेटिव्ह एल-टू मध्ये असेल (म्हणजे त्याच्या आकाराच्या वर्गाचं इंटिग्रल सांत) तर गेलफांडच्या प्रूफमधली बानाख अल्जिब्राची मशिनरी बाजूला ठेवा. कोशी-श्वार्ट्झ इनइक्वॉलिटी लावली की १/एफचा नॉर्म १/सी अधिक (π/√३) गुणिले डेरिव्हेटिव्हचा एल-टू नॉर्म भागिले सी², याच्या आत येतो. (एल-टू नॉर्ममधलं इंटिग्रल २π ने भागून घेतलेलं.) डेरिव्हेटिव्ह नसेल तर न्यूमनचं १९७५ चं छोटं प्रूफ वाचा, त्यात एफ आधी ट्रिग पॉलिनॉमियलने (साइन-कोसाइनच्या सांत बेरजेने) अ‍ॅप्रॉक्सिमेट करतात आणि कोएफिशियंटची शेपटी किती लवकर बारीक होते त्यावर सगळं ठरतं हे डोळ्यांना दिसतं. माझं चॅप्टर शेवटी त्यानेच तारलं.

गणित दोन महिन्यांत सुधारलं, पण थीसिसचं टायटल बदलायला आमच्या पीएचडी सेक्शनने वर्ष खाल्लं. अर्ज तीनदा परत, एकदा सही निळ्या पेनची नाही म्हणून, एकदा कमिटीची मीटिंगच नाही म्हणून, आणि तेवढ्यात फेलोशिप संपली. त्याचा राग अजून गेलेला नाही. त्यामुळे टायटलमध्ये "एक्स्प्लिसिट बाउंड" वगैरे शब्द आत्ता टाकू नका, आणि दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्या.

अजून एक, सुप-नॉर्म (|एफ| ची कमाल किंमत) आणि या नॉर्ममधलं अंतर हाताला लागावं म्हणून ई^(आय के कॉस एक्स) घ्या, त्याचे कोएफिशियंट एफएफटीने (ते कॉम्प्युटरवर झटपट काढायच्या पद्धतीने) काढून अ‍ॅब्सोल्यूट व्हॅल्यूंची बेरीज करा. |एफ| सगळीकडे १ च आहे, पण के १०० वरून ४०० केला की बेरीज जवळपास दुप्पट होते.