माळशेजचं धुकं आणि टपावरचा लाइट बार

प्रश्न : काका, नमस्कार. आमची पिकअप सहा वर्षांची आहे. टोमॅटोची कॅरेट भरून रात्री अकराला ओतूर सोडतो, माळशेज उतरून पहाटे वाशी मार्केटला. पावसाळ्यात घाटात पुढचं काही म्हणजे काही दिसत नाही. धाकटा भाऊ म्हणतो, टपावर मोठा लाइट बार टाकू, ऑनलाइन ‘३०० वॅट’चा स्वस्तात मिळतोय. गॅरेजवाला म्हणतो, बंपरवर दोन गोल हॅलोजन पुरे. कुणाचं ऐकू? – एक टोमॅटो उत्पादक, ओतूर

उत्तर : भावाचं तर नकोच, आणि गॅरेजवाल्याचं अर्धंच ऐका. पण नवीन लाइट घ्यायच्या आधी एक काम करा. उद्या कॅरेट भरून झाली की निघण्यापूर्वी गाडी एखाद्या भिंतीपासून दहा मीटरवर सपाट जागेत उभी करा, डिपर (खालचा, जवळचा प्रकाश) लावा आणि प्रकाशाची वरची कड भिंतीवर कुठे येते तिथे खडूने रेघ मारा. वाशीहून रिकामे परत आलात की त्याच जागी पुन्हा तेच करा. दोन रेघांमधलं अंतर बघून तुम्हीच मला फोन कराल.

कारण सांगतो. माल भरला की पिकअपचा मागचा पाटा बसतो आणि नाक वर होतं. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर सव्वातीन मीटर धरा आणि मागचा भाग आठ सेंटिमीटर बसला असं समजा. म्हणजे गाडी मीटरमागे अडीच सेंटिमीटर वर बघायला लागली. डिपर साधारण मीटरमागे एक-सव्वा सेंटिमीटर खाली झुकलेला असतो. अडीचातून सव्वा गेला तरी सव्वा उरतो, तोही वरच्या बाजूला. म्हणजे तुमचा डिपर भरल्या गाडीत अप्पर होतो! समोरचा शिव्या घालतो ते वेगळंच. धुक्यात तोच प्रकाश वर जाऊन पांढरी भिंत उभी करतो. डॅशबोर्डवर ० ते ३ असं लिहिलेलं छोटं चाक असेल तर ते त्यासाठीच असतं : रिकाम्या गाडीला शून्य, भरलेल्या गाडीला पुढचे आकडे. माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या नऊ ड्रायव्हरांनी ते कधी फिरवलेलं नसतं. तुमच्या मॉडेलला ते नसेल तर हेडलाइटमागचे स्क्रू फिरवून भरल्या गाडीवरच सेटिंग करून घ्या.

दुसरं, मल्टिमीटर लावा. मागच्या श्रावणात एक पिकअप आली होती, तक्रार अगदी तुमचीच. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट आणि हेडलाइटच्या सॉकेटात १२.४. मधला जवळपास दीड व्होल्ट गंजलेल्या अर्थिंगने आणि केसासारख्या बारीक वायरीने खाल्लेला. हॅलोजन बल्बला दहा टक्के व्होल्ट कमी मिळाले की उजेड तीस टक्क्यांनी पडतो. अर्थिंगचा बोल्ट घासला, दोन रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) टाकले, पिवळी पडलेली काच पॉलिश केली. गिऱ्हाइकाने विचारलं, ‘काका, बल्ब कुठल्या कंपनीचे टाकले?’ बल्ब त्याचेच होते. हे सगळं करायच्या आधी जास्तीचे दिवे विकणं म्हणजे तापाच्या माणसाला स्वेटर विकण्यासारखं आहे.

आणि हो, हॅलोजनच्या जागी एलईडी बल्ब ठोकला असेल तर तो काढा. तुमच्या हेडलाइटची वाटी एका ठरावीक जागी असलेल्या तारेसाठी घडवलेली असते. एलईडीच्या चिप त्या जागी, त्या आकाराने बसत नाहीत. प्रकाश जास्त वाटतो, पण तो कुठेही उधळतो.

आता लाइट बार. धुकं म्हणजे हवेत लटकलेले पाण्याचे थेंब, मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाएवढे. प्रकाश त्यांच्यावर आपटून थेट माघारी येतो. दिवा जितका डोळ्यांजवळ, तितका माघारी आलेला उजेड डोळ्यांत जास्त. टपावरचा बार डोळ्यांच्या वर हातभर असतो. तुम्ही ज्या हवेतून बघता तीच सगळी तो उजळून टाकतो. मी स्वतः घाटाच्या माथ्यावर, बोगद्याच्या अलीकडे, एका पाहुण्याच्या गाडीत हे बघितलंय. बार लावला की बॉनेटच्या पुढे दूध सांडल्यासारखं. बंद केला तेव्हा कुठे कडेचा पांढरा पट्टा दिसायला लागला. पावसाच्या धारांचंही तेच. बॉनेट पांढरं असेल तर त्यावरून येणारी चमक बोनस.

म्हणून धुक्याचा दिवा खाली हवा. बंपरच्या खालच्या पट्टीवर, जमिनीपासून साठेक सेंटिमीटरवर, दोन कडांना दोन. त्याचा प्रकाश रुंद आणि चपटा हवा आणि वरून सुरीने कापल्यासारखा संपायला हवा. दुकानदाराला कट-ऑफ, म्हणजे हीच वरची कड, दाखव म्हणा. दुकानाच्या भिंतीवर लावून दाखवता येत नसेल तर उठा. गोल हॅलोजन म्हटलं की आपल्याकडे बहुतेक वेळा लांब मारणारा फोकसच हातात ठेवतात. म्हणून गॅरेजवाल्याचं अर्धंच ऐका म्हटलं. बसवल्यावर पुन्हा दहा मीटरवरची भिंत : प्रकाशाची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा वीस सेंटिमीटर खाली. साठ सेंटिमीटर उंचीवरून हा प्रकाश तीस मीटरवर रस्त्याला टेकतो. तीस मीटर कमी वाटतात? धुक्यात त्यापुढे कुठलाच दिवा खरं दाखवत नाही, तेव्हा वेगही तेवढाच ठेवायचा. ही खूणसुद्धा भरल्या गाडीवरच करायची, विसरू नका.

रंगाबद्दल सगळे विचारतात. पिवळा प्रकाश धुकं फोडतो हे मीही पंधरा वर्षं गिऱ्हाइकांना सांगत होतो. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरींपेक्षा कितीतरी मोठे, त्यामुळे पिवळा काय नि पांढरा काय, सारखेच विखुरतात. फ्रान्समध्ये १९९३ पर्यंत सगळ्या गाड्यांना पिवळे हेडलाइट होते, शेवटी त्यांनीही सोडले. तरी मी पिवळाच घेतो. निळसर पांढऱ्यापेक्षा डोळे कमी शिणतात, एवढ्याचसाठी. प्रकाशाची कड नीट असलेला पांढरा आणि उधळणारा पिवळा यांत निवडायची वेळ आली तर डोळे झाकून पांढरा घ्या.

‘३०० वॅट’ची गंमत तर घरीच बघता येईल. टाँग टेस्टर (वायरीभोवती पकडून करंट मोजायचं यंत्र) वायरीला लावा. असाच एक बार मी मोजला, ३.२ अँपिअर. गुणिले १३.५ व्होल्ट, झाले ४३ वॅट. खोक्यावरचा आकडा चिपांची बेरीज असते, नाहीतर कुणाची तरी हौस. दोन चांगले ५५ वॅटचे हॅलोजन फॉग किंवा खरोखर १५–२० वॅट घेणारे लेन्सवाले एलईडी तुम्हाला भरपूर झाले. खोक्यावर ‘ओन्ली फॉर ऑफ-रोड यूज’ लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ दणकट असा नसतो. अर्थ असतो, हा दिवा रस्त्यासाठी बनवलेला नाही, समोरच्याच्या डोळ्यांचं तुमचं तुम्ही बघा.

कायदाही सांगून टाकतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १११ वा नियम म्हणतो की गाडीच्या पुढे स्पॉट लाइट किंवा सर्च लाइट बसवायचा नाही. अपवादात्मक परिस्थितीतच, तोही नोंदणी अधिकाऱ्याच्या आगाऊ परवानगीने. शब्द ‘बसवणे’ आहे. त्यामुळे वर झाकण घातलंय, स्विच बंद आहे, हे पासिंगला सांगून उपयोग नाही. परवानगीत न बसणाऱ्या प्रत्येक बदलाला २०१९ च्या दुरुस्तीपासून पाच हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंतची कैद किंवा दोन्ही, असं लिहिलेलं आहे. तुमच्या मॉडेलचे कंपनीचे फॉग लाइट मिळत असतील तर तेच सगळ्यांत बिनघोर.

वायरिंगवर मी हट्टी आहे, कारण पोळलोय. दुकान नवीन होतं तेव्हा एका जीपला १०० वॅटचे चार दिवे मी थेट हेडलाइटच्या स्विचवरून जोडले. रिले म्हणजे फुकटचा खर्च, असं वाटायचं. चारशे वॅट म्हणजे तीस अँपिअर, त्या बिचाऱ्या स्विचमधून. चौथ्या रात्री स्विच वितळला आणि हेडलाइटसकट सगळं गेलं, ऐन वळणावर. गिऱ्हाईक कठड्याला घासून वाचलं. त्याने मला काही बोललं नाही, फक्त वितळलेला स्विच काउंटरवर आणून ठेवला. तेव्हापासून बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात १५ अँपिअरचा फ्यूज, मग रिलेची ३० नंबरची पिन, ८७ वरून अडीच एमएमची वायर दिव्याला, ८५-८६ ला स्विच आणि अर्थ. दोन ५५ वॅटचे दिवे आठ-साडेआठ अँपिअर घेतात, सगळं आरामात चालतं. स्विचचा करंट इग्निशनच्या (किल्ली फिरवल्यावरच चालू होणाऱ्या) वायरीवरून घ्या, म्हणजे वाशीला गाडी बंद करून झोपलात तर फॉग चालू राहून बॅटरी उतरायची नाही.

प्रश्न : माझ्याकडे इसुझूची व्ही-क्रॉस पिकअप आहे. मित्रांबरोबर चिखलातलं ऑफ-रोडिंग करतो, पुढच्या वर्षी गोव्यातल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजमध्ये उतरायचा विचार आहे. त्यानंतर स्पिती. एक किलोमीटर फोकस मारणारे चार स्पॉट घ्यावेत का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : चिखलात तुम्ही ताशी दहाने चालणार. किलोमीटरभर पुढे काय आहे ते सहा मिनिटांनी कळलं तरी चालेल! तुम्हाला कळायला हवं ते चाकापुढचा खड्डा किती खोल आहे, डावीकडचा दगड कुठे संपतो, विंचचा (अडकलेली गाडी ओढून काढायच्या यंत्राचा) दोर कुठल्या झाडाला जातोय. त्याला रुंद पसरणारे फ्लड हवेत : दोन पुढे, दोन बाजूंना थोडे खाली झुकलेले. दिवे थोडे खाली असले की खड्ड्यांच्या सावल्या लांब पडतात आणि खोली कळते. अगदी डोक्यावरून उजेड पडला की सगळं सपाट दिसतं आणि गाडी गपकन बसते.

लांब फोकस हा वाळवंटातल्या रॅलीचा, ताशी शंभराचा खेळ. त्यातही खोक्यावरचा ‘एक किलोमीटर’ म्हणजे तिथे १ लक्स उरतो एवढंच. लख्ख चांदण्याहून जरा बरा उजेड. उलटा हिशोब मात्र कामाचा आहे : अंतर निम्मं झालं की उजेड चौपट होतो, म्हणजे किलोमीटरला १ लक्स देणारा दिवा अडीचशे मीटरवर १६ देतो. तेवढ्यात तुमचं भागतं.

स्पितीसाठी एक बारीक गोष्ट. एलईडीची काच समोरून थंड असते, बर्फ चिकटला की चिकटलेलाच राहतो. हॅलोजनची काच तापते आणि तो वितळवते. एक हॅलोजनची जोडी ठेवा. आणि कोल्हापूर ते गोवा हा रस्ता आहे, वरचा १११ वा नियम तुम्हालाही लागू. कंस नट-बोल्टचे ठेवा, प्लगने वायर सुटेल असं करा आणि दिवे हौद्यात टाकून न्या. जागेवर बसवायला वीस मिनिटं लागतात.

प्रश्न : काका, आमच्या द्राक्षांची गाडी रात्री बागेतच भरतात. मजूर मोबाइलच्या उजेडात क्रेट लावतात. पिकअपच्या मागे लाइट लावता येईल का? बॅटरी उतरेल अशी मालकांना भीती वाटते. – एक बागायतदार, दिंडोरी

उत्तर : ताई, हा या महिन्यातला सगळ्यांत शहाणा प्रश्न. केबिनमागच्या जाळीवर दोन कोपऱ्यांत दोन वर्क लाइट, खरे १८ वॅटचे, हौद्याकडे तिरपे खाली. दोन्ही मिळून तीन अँपिअरही घेत नाहीत. दोन तास चालले तरी सहा अँपिअर-तास. चांगल्या ७५ अँपिअर-तासाच्या बॅटरीला त्याने काही होत नाही. मालकांना सांगा, गाडीतला टेप रात्रभर चालतो तेव्हा ही भीती कुठे जाते? रंग पिवळट घ्या, किडे कमी येतात आणि घडाचा रंगही निळसर पांढऱ्याइतका फसवा दिसत नाही. स्विचजवळ लाल पायलट दिवा मात्र हवाच. हे दिवे चालू ठेवून गाडी रस्त्यावर आली तर मागून येणारा आंधळा होतो, आणि भरलेल्या क्रेटच्या आडून ड्रायव्हरला ते दिसतही नाही.

प्रश्न : आयपी ६८ लिहिलेल्या दिव्यात पाणी कसं शिरलं? – संगमनेर

उत्तर : गरम दिव्यावर वॉशिंग सेंटरचा प्रेशर मारला असणार. आतली हवा एकदम आकसते आणि बारीक फटीतून पाणी ओढून घेते. ६७, ६८ हे आकडे शांत पाण्यात बुडवण्याचे आहेत, प्रेशरच्या फवाऱ्याची परीक्षा ६९-के नावाची वेगळी असते. काचेवर आतून नुसतं दव असेल तर दिवा अर्धा तास चालू ठेवा, जाईल. थेंब हलताना दिसले तर मात्र उघडून, वाळवून, नवीन गॅस्केट घाला. मागचं श्वासाचं छोटं भोक सिलिकॉनने बुजवू नका, आमच्या पोरांनीही ते दोनदा केलंय.