न्यूज पोर्टलवर बातमी उशिरा पडते, मोठा सर्व्हर घेऊ का?

तुम्ही विचारलंय की वर्षभरापूर्वी दिवसाला १५ बातम्या जायच्या, आता ७० जातात आणि प्रत्येक बातमी उशिरा पडते. मोठा सर्व्हर घ्यावा का?

इतक्यात नको. आधी एका बातमीचा माग काढा. मी एका जिल्ह्याच्या पोर्टलवर डेस्क, म्हणजे आलेल्या बातम्या तपासून साइटवर टाकणारा विभाग, सांभाळायचो, तेव्हा आम्हीही सर्व्हरलाच शिव्या घालायचो. एका पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडल्याची कॉपी (बातमीचा मजकूर) ६.०५ ला व्हॉट्सॲप ग्रुपवर आली आणि साइटवर पडली ६.५२ ला. तोवर गावभर व्हिडिओ फिरून झाले होते. रात्री हिशेब मांडला. ९ मिनिटं कॉपी नुसती पडून, कारण प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने घेतली. १४ मिनिटं फॉन्ट आणि शुद्धलेखनात, ६ फोटोत. १६ मिनिटं संपादकांच्या ‘ओके’साठी, साहेब गाडी चालवत होते. सर्व्हरच्या वाट्याला उरली २.

ग्रुपचा घोळ लगेच मिटला: कॉपी उचलणाऱ्याने तिथेच ‘घेतली’ लिहायचं.

फॉन्टने जास्त छळलं. तालुक्याचे बातमीदार श्रीलिपी या जुन्या फॉन्टात टाइप करायचे, साइटला लागतं युनिकोड. कन्व्हर्टरमधून काढलं की ‘वर्षा’चं ‘वषार्’, ‘धर्म’चं ‘धमर्’. जुन्या फॉन्टात रफार अक्षरानंतर टाइप होतो, युनिकोडमध्ये तो र् आधी लागतो. प्रत्येक कॉपीत रफार हुडकत बसायचं. शेवटी सगळ्यांच्या मोबाइलवर जीबोर्ड (गूगलचा कीबोर्ड) टाकून दिला, बोलून टाइप करायला शिकवलं. एका काकांनी महिनाभर कुरकुर केली. नंतर सगळ्यात आधी कॉपी त्यांचीच यायची.

‘ओके’साठी यादी केली. धरणाचा विसर्ग, बंद रस्ता, निकाल, वीजपुरवठा हे डेस्कने न विचारता दोन ओळींत टाकायचं, मग त्याच बातमीत भर घालत जायचं. गुन्हे, आत्महत्या, जातीय तणाव, कोर्ट यांवर दुसरी नजर पडल्याशिवाय काहीही जाणार नाही, मग उशीर झाला तरी चालेल. पोक्सोच्या (मुलांवरील लैंगिक अत्याचाराच्या) बातमीत नाव टाळून शाळा लिहिली तरी मूल ओळखू येतं, आणि कायद्याने शाळाही देता येत नाही.

आता मशीन. तुमची साइट वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर चालते असं धरतो. कॅमेऱ्यातला ६ एमबीचा फोटो तसाच चढवला की वर्डप्रेस त्याच्या लहानमोठ्या अनेक प्रती काढत बसतं. आधी १२०० पिक्सेल रुंदीला आणा. गूगल डिस्कव्हरलाही (मोबाइलवर गूगल आपणहून बातम्या सुचवतं ती यादी) तेवढी रुंदी पुरते. सकाळी ६ ला लावलेलं राशिभविष्य पावणेसातला पडत असेल, तर वर्डप्रेसचं वेळापत्रक कोणीतरी साइट उघडल्यावरच हलतं हे लक्षात घ्या. वाचकाला कॅशेतलं, म्हणजे आधीच साठवून ठेवलेलं, पान मिळालं की तेही हलत नाही. होस्टिंगवाल्याला सांगून सर्व्हरचा खरा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप काम करणारी सोय) दर मिनिटाला लावा. याला सहसा वेगळे पैसे पडत नाहीत.

आणि स्लग, म्हणजे लिंकमधला बातमीच्या नावाचा भाग, हाताने, रोमन अक्षरांत लिहा. मराठी मथळ्यातलं प्रत्येक अक्षर आणि मात्रा लिंकमध्ये ९ चिन्हं खाते, मर्यादा २००. ‘मुख्यमंत्र्यांच्या हस्ते…’ची लिंक ‘हस्त’वरच तुटते. तशाच मथळ्याच्या पुढच्या उद्घाटनाला २, त्यापुढच्याला ३ असं शेपूट लागतं, आणि घाईत भर घालायला गेलं की डेस्कवर नेमकं भलतंच उद्घाटन उघडतं.