1859 चा कॅनडाचा मोठा सेंट : ठशांचे प्रकार कसे ओळखायचे?

तुम्ही विचारलंय की टोरांटोच्या जुन्या बाजारात 1859 चे सहा मोठे सेंट, म्हणजे कॅनडाची जुनी एक सेंटची नाणी, घेतले, सगळे सारखेच दिसतात, मग लोक त्यांत इतके प्रकार शोधतात ते कुठे?

मी हीच नाणी जमवतो. नवख्यानं सुरुवात 1859 पासूनच करावी असं माझं ठाम मत आहे. 1858 चे सेंट पडले जेमतेम 4,21,000, तर 1859 चे 95 लाखांच्या वर. त्यामुळे आजही ते परवडतात आणि एकाशेजारी एक ठेवून बघता येतात.

ही नाणी पाडली लंडनच्या रॉयल मिंट या टांकसाळीनं. इतक्या नाण्यांना ठसे, म्हणजे नाण्यावर चित्र नि अक्षरं उमटवणारे धातूचे साचे, पुष्कळ लागले आणि सालाचा शेवटचा आकडा ठशावर हातानं, पंच (आकडा कोरलेली खिळ्यासारखी दांडी) ठोकून उमटवला जायचा. हात आला की फरक आलाच. कुठे आकडा वाकडा बसला, कुठे दोनदा ठोकला गेला. 1858 साठी केलेल्या काही ठशांवर तर 8 च्या डोक्यावरच 9 ठोकला.

म्हणून पहिली नजर 9 वर. दहापट भिंग घ्या आणि दिवा वर न धरता बाजूनं, अगदी टेबलालगत धरा. नेहमीचा 9 अरुंद आहे. 8 वर ठोकलेला 9 मात्र रुंद, ऐसपैस. आता त्याच्या डाव्या बाजूला, वरचं वेटोळं संपतं आणि शेपटी सुरू होते त्या मधल्या जागेत बघा. 9 तिथे उघडा असतो, 8 बंद. त्या मोकळ्या जागेत खालच्या वेटोळ्याची कमान उरलेली दिसली, तर खाली 8 आहे. माझ्याकडच्या नाण्यात ती कमान केसाएवढी बारीक आहे. दिवा जरा फिरवला की दिसते, पुन्हा फिरवला की नाहीशी होते.

अरुंद 9 दोनदा ठोकलेलेही सापडतात. तिथे दुसऱ्या 9 ला स्वतःचा गोलवा असतो. नुसती सपाट, पायरीसारखी कड दिसली तर छापताना ठसा हललाय, तो वेगळा प्रकार नव्हे. बहुतेकांची फसगत इथेच होते.

दुसरी खूण उंचवट्याची. ठशाला तडा गेला की नाण्यावर रेघ उठून येते, खोल जात नाही. खोल गेलेली रेघ म्हणजे नंतर पडलेला ओरखडा, ती सोडून द्या. पण तडा ही ठशाच्या आयुष्यातली एक अवस्था असते. त्याच ठशाची आधीची नाणी बिनतड्याची असणार, म्हणून तेवढ्यावर नवा प्रकार ठरवू नका. नाण्याच्या मागच्या बाजूच्या वेलीवर 16 मेपलची पानं आहेत. देठ कुठे तुटलेत तेही टिपून ठेवा. ठसा घासून पुसला की बारीक देठ आधी जातात.

पिवळट नाणं दिसलं की पितळी म्हणून हुरळू नका. 1859 चे पितळी सेंट खरेच आहेत, पण फार दुर्मीळ. नेहमीचे सेंट कांस्याचे, आणि घासून चकचकीत केलेलं कांस्यही तसंच दिसतं. तुम्ही मात्र काहीही घासू नका, लिंबू-चिंच तर नकोच.

सहाही नाण्यांच्या सालाचे जवळून फोटो टाका, प्रत्येकाचे दोन : एकात उजेड डावीकडून, दुसऱ्यात उजवीकडून.